आडवी डोलकाठी

गोजराचा राग सकाळी उरणच्या मोरा बंदरात सुरू झाला होता आणि दुपार कलली तरी उतरायचं नाव घेत नव्हता. तशी ती रागीट म्हणून पाड्यात आधीच नावाजलेली. नेरूळच्या नव्या बिल्डिंगींत मासळीची पाटी घेऊन जिने चढायचे, आणि वर कुणा बाईनं नाकाला पदर लावून ‘ताजे आहेत ना नक्की?’ असं विचारायचं, हे रोज सोसून माणूस गोड कसं राहणार? पण तो राग जिना उतरेपर्यंतच टिकायचा. आजचा राग सख्ख्या भावावरचा होता.

बापाला आणि त्याच्या होडीला पावसाळ्याआधी घरी आणायचं काम दरवर्षी नामदेवचं असे. देवजी म्हातारा नारळी पुनव झाली की होडी घेऊन उरणकडे निघून जायचा, कारण पाड्यापुढच्या पाण्यात कारखान्यांची घाण उतरायला लागल्यापासून तिथं जाळ्यात मासळी कमी आणि प्लॅस्टिकच जास्त यायचं. उरणला मावसभावाच्या झोपडीत तो हंगाम काढायचा आणि आभाळ बदलायला लागलं की परतायचा. मग होडी गावच्या आतल्या खाडीत शिरवायची, चिखलावरून ओढून वर घ्यायची आणि झावळ्यांनी नीट शाकारून ठेवायची. न शाकारलेली होडी पावसाळा काढत नाही, हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

यंदा मात्र नामदेवनं हात झटकले. ऑफिसात ऑडिट चालू आहे, सुट्टी मिळत नाही, म्हणाला. जमीन गेली त्याच्या बदल्यात त्याला सरकारी नोकरी लागली होती, आणि नोकरी लागली तेव्हापासून तो बापाला ‘तुमी’ म्हणायला लागला होता. गोजरा अजून ‘तू’च म्हणायची. गोजराचा नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात, त्याला होडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी तीच आदल्या दिवशी एसटीनं उरणला गेली. निघताना नामदेवनं तिच्याकडे निरोप दिला होता: नवा रस्ता खाडीच्या तोंडावरून गेलाय, पण होड्यांसाठी मस्त पूल ठेवलाय, बाबांना म्हणावं बिनधास्त या.

देवजीनं निरोप ऐकून मान हलवली होती. पोरगा सांगतोय म्हणजे खरंच असणार. गेल्या नारळी पुनवेला तो निघाला तेव्हा खाडीच्या तोंडाशी नुसते खांब उभे होते, त्यांच्यावर काय बसणार हे खांब बघून कुणाला कळतं?

त्याची होडी शिडाची. पाड्यात आता शिडाची तेवढी एकच उरली होती. बाकीच्यांनी केव्हाच मशीन बसवून घेतलं. देवजीलाही सगळ्यांनी सांगून पाहिलं, नामदेवनं तर दोनदा माणूस घरी आणला, पण म्हातारा म्हणायचा की त्या फटफटीनं मासा पळतो आणि माझं डोकं उठतं. गोजराला ठाऊक होतं की खरं कारण ते नाही. शीड फुगलं की म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते लपवायला त्याला कारण लागत असे.

सकाळी निघताना वारा चांगला होता. पण देवजीनं बंदरातल्या दहा जणांचा निरोप घेतला, पाण्याला नारळ दिला, कुणाच्या तरी नातवाला खाऊ दिला, आणि तोवर सकाळ गेली. मोठ्या बंदराच्या जहाजांपासून लांब राहत ते वर सरकले. न्हाव्याच्या पुढं वारा पडला. शीड लुगड्यासारखं लोंबायला लागलं आणि दोघं उन्हात भाजत बसली. गोजरा वल्हं मारत होती आणि मनातल्या मनात नामदेवशी भांडत होती. ऑडिट म्हणे. बापाला आणायला सुट्टी नाही आणि सत्यनारायणाला बरी मिळते.

मग नैऋत्येला आभाळ काळवंडलं. देवजीनं एकदाच तिकडं पाहिलं आणि सुकाणू घट्ट धरलं. अशा दिवसांत संध्याकाळी वावधान सुटतं, धूळ आणि लाटा एकदमच घेऊन येतं, आणि तेव्हा उघड्यावर सापडलेली होडी काठावर आपटून फुटते. ही होडी फुटली असती तर देवजी दुसरी घेणार नव्हता. त्या होडीखेरीज त्याचं जगात काही उरलं नव्हतं, आणि नामदेवच्या घरी टीव्हीसमोर बसवून ठेवलेला म्हातारा किती दिवस जगला असता हे गोजरा न सांगताही जाणून होती. अंधार पडायच्या आत होडी कुठल्या तरी आडोशाला लावायची, दुसरं काही नाही.

तिनं आधी उलव्याच्या बाजूच्या एका लहान खाडीकडं होडीची नाळ, तिचं पुढचं टोक, वळवायला सांगितलं. पण ओहोटी पुरती उतरली होती, तिथं नुसता काळा चिखल चमकत होता, त्यावर बगळे चालत होते. पाणी भरायची वाट बघण्याइतका वेळ आभाळ देणार नव्हतं. मग त्यांनी पलीकडच्या एका कंपनीच्या जेट्टीचा आडोसा धरला. जेट्टीच्या मागं पाणी खोल होतं, एक रात्र काढायला झकास जागा. होडीचा दोर खांबाला लागतो न लागतो तोच वॉचमन शिट्टी फुंकत आला. गोजरानं त्याला हिंदीत सांगितलं की वादळ येतंय, सकाळी जाऊ. तो म्हणाला की साहेबांची परवानगी पाहिजे, आणि साहेब मुंबईला. देवजीनंही हात जोडले. ते बघून गोजराची तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पाण्यात तिच्या आज्यानं जाळी लावली त्या पाण्यात उभं राहायला बापानं पगारी माणसापुढं हात जोडायचे? तिनं दोर सोडून घेतला आणि वॉचमनला अशा काही शिव्या घातल्या की त्या बिचाऱ्याला मराठी येत नसल्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं असेल.

“चल, घरा जाऊ,” देवजी म्हणाला. “आतल्या खाडीत शिरलो का झाला.”

भरती सुरू झाली होती आणि वाराही परत उठला होता, पण आता त्याला एक गुरगुर होती. शीड भरलं. पाणी आणि वारा दोन्ही घराकडं ढकलत होते. लांबून नव्या रस्त्याचा भराव दिसला, पांढऱ्या दगडांचा, किनाऱ्याला बांधलेल्या पट्ट्यासारखा सरळ. पूर्वी इथं तिवरं होती, त्यांच्यातून खाडीचं तोंड आपोआप उघडायचं. आता दगडांच्या मध्ये एकच फट राहिली होती, आणि त्या फटीवर पूल.

देवजी सुकाण्यावर बसून पुलाकडं बघत होता. मग त्यानं वर डोलकाठीच्या टोकाकडं पाहिलं, परत पुलाकडं पाहिलं. आणि शांतपणे म्हणाला, “गोजरा, शीड उतर.”

शीड खाली आलं तेव्हा गोजराच्या ध्यानात आलं. पुलाचा स्लॅब डोलकाठीच्या निम्म्या उंचीवरही नव्हता.

हा पूल तिनं पाटी डोक्यावर घेऊन शंभर वेळा पाहिला होता. मशीनच्या होड्या त्याच्या खालून जाताना पाहिल्या होत्या, आतले लोक गंमत म्हणून वाकून जायचे. होड्या जातात हे तिनं पाहिलं होतं, म्हणून बापाची होडी जाईल असं धरून ती चालली होती. तिला स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं. पण स्वतःवरचा राग फार वेळ धरवत नाही. तिनं तो उचलून रस्त्याच्या साहेबांवर टाकला. पुलावर एक रोलर उभा होता आणि एक रिकामं डांबराचं पिंप, दुसरं कुणी नव्हतं. त्या रोलरकडं बघून ती ओरडली, साहेबांच्या खुर्च्या, त्यांची घरं, त्यांचे नकाशे, सगळ्यांचा तिनं उद्धार केला. ज्यांनी जन्मात डोलकाठी पाहिली नाही ते खाडीवर पूल बांधतात. एकदा विचारायला काय झालं होतं? गावात कुणी माणसं राहतात की सगळे बगळेच?

भरतीचं पाणी होडीला पुलाकडं ओढत होतं, देवजीनं वल्हं खांबाला टेकवून तिला थोपवून धरलं होतं. खांबावर शेवाळाची हिरवी रेघ होती, ती पाण्याखाली चालली होती. भरती जसजशी चढेल तसतशी फट लहान होणार होती.

“डोलकाठी काढूया,” गोजरा म्हणाली.

“नाय.”

“बाबा, दुसरा काय करतंस?”

“मागं फिरव. भायेर नांगर टाकतू.”

बाहेर म्हणजे दगडांसमोर, वाऱ्याच्या तोंडी, आणि खाली असा मऊ चिखल की नांगर लोण्यात घातल्यासारखा सरकेल. हे म्हाताऱ्याला सांगायची गरज नव्हती. त्याला ते तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो म्हणाला, होडी गेली तर जाऊ दे. पण मी आडवा होऊन गावात शिरणार नाही.

त्याच्या म्हणण्याला कारण होतं. पाड्याची रीत अशी, की डोलकाठी नारळी पुनवेला हळदकुंकू लावून उभी करायची आणि शाकारायच्या दिवशी, होडी जमिनीवर आल्यावरच काढायची. पाण्यात ती आडवी व्हायची ती फक्त होडीचा मालक दर्यात बुडाला तर. मग होडीतले उरलेले लोक डोलकाठी काढून लांबलचक आडवी ठेवत आणि वल्हवत घरी येत, म्हणजे किनाऱ्यावरच्या बायकांना दुरूनच कळावं, कुणाला तोंडानं सांगायची पाळी येऊ नये. गोजराच्या काकाची होडी अशीच आली होती. देवजीचा धाकटा भाऊ तो. त्याच्या होडीची डोलकाठी देवजीनं स्वतःच्या हातानं काढली होती, आणि काठावर बोंबील वाळवत बसलेली त्याची बायको प्रेमलाकाकू ती आडवी बघून जी उठली ती चिखलातच कोसळली. गोजरा तेव्हा परकर नेसत होती. त्यानंतर पाड्यात मशीन आलं, डोलकाठ्या गेल्या, पण ज्यांनी ते पाहिलं होतं ते विसरले नव्हते.

एवढं सगळं समजत असूनही गोजरा बापावर भडकली. साहेबांनी पूल ठेंगणा बांधला, वॉचमननं हाकललं, भावानं तोंड फिरवलं, आणि आता हा म्हातारा रीत घेऊन बसलाय. पश्चिमेकडून धुळीचा पिवळा पडदा खाडीवर सरकत येत होता आणि त्याच्या खाली पाणी पांढरं झालं होतं. तिला त्याच्या हट्टाची दया येत नव्हती, संताप येत होता.

“मेल्यावानी जा, पन जित्ता जा,” ती म्हणाली. “मना जित्ता बाप पायजे. रीत तुज्यापाशी ठेव.”

तिनं फळीखालची लाकडी मोगरी काढली. डोलकाठीला बाईचा हात लागू नये अशीही एक रीत होती, आणि ती मोडल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. डोलकाठी ज्या भोकात बसवलेली होती तिथल्या पाचरी तिनं एकेक करून ठोकून सैल केल्या. तिच्या प्रत्येक ठोक्याला देवजी डोळे मिटत होता. शेवटची पाचर निघाली आणि डोलकाठी कलली. दोन पुरुषांचं ते ओझं, वर होडी हलती. ती गोजराच्या हातातून सुटली असती आणि कठड्यावर आपटून मोडलीच असती, किंवा गोजराचं डोकं फुटलं असतं. पण देवजीनं वल्हं टाकलं, उठला आणि पडती डोलकाठी खांद्यावर झेलली. हाड वाजल्याचा आवाज तिनं ऐकला. दोघांनी मिळून ती नाळेपासून सुकाण्यापर्यंत आडवी ठेवली. बुंध्याशी गेल्या पुनवेचं कुंकू अजून होतं.

मग होडी आपोआपच पुलाखाली खेचली गेली. आत अंधार होता आणि सिमेंटचा ओला वास. स्लॅब इतका खाली आला होता की गोजराला फळीवर पालथं व्हावं लागलं. देवजी ताठ बसून राहिला होता. तिनं ओरडून सांगितलं, तरी तो वाकेना. शेवटी तिनं हात लांब करून बापाची मान धरली आणि खाली दाबली, बाजारात कोंबडीची धरतात तशी. पुढच्या क्षणी स्लॅब त्याच्या पाठीला घासत गेला. त्या एवढ्याशा अंधारात गोजरा रडली, आणि बाहेर येईपर्यंत रडणं पुसूनही टाकलं. पुलानं बापाला वाकवलं नव्हतं, तिनं वाकवलं होतं, याबद्दल ती कुणालाही क्षमा करणार नव्हती.

आतल्या खाडीत पोचले आणि मागं वावधान फुटलं. भरावाच्या पलीकडं लाटा दगडांवर फुटू लागल्या, त्यांचे तुषार रस्त्यावरून इकडं उडाले. बाहेर नांगर टाकला असता तर आत्तापर्यंत होडीच्या फळ्या वेचाव्या लागल्या असत्या. आत नुसती धूळ होती आणि पाणी थरथरत होतं. गोजरा वल्हवत होती. देवजीनं पुलाखाली घातलेली मान अजून वर केली नव्हती.

काठावर बायका वाळत घातलेली सुकट गोळा करत होत्या. धुळीत त्यांना होडी दिसली, आडवी डोलकाठी दिसली, आणि वल्हवणारी गोजरा दिसली, वाकून बसलेला देवजी दिसला नाही. प्रेमलाकाकूनं हातातली चटई सोडून दिली. तिचा हंबरडा वाऱ्याच्या आवाजावरून आला. मग दुसरी, मग तिसरी. म्हाताऱ्या बायका कपाळ बडवत चिखलात उतरल्या. त्यांच्यामागून पाड्यातले पुरुष आले, आणि त्यांच्यातून ऑफिसच्या पॅन्टमध्येच नामदेव धावत आला. त्याची एक चप्पल चिखलात रुतली, ती तशीच टाकून तो कंबरभर पाण्यात शिरला. तो ‘बाबा’ म्हणून ओरडत होता, आणि ते ओरडणं खोटं नव्हतं.

त्यानं होडीचा कठडा धरला तेव्हा देवजीनं मान वर केली.

मग प्रेमलाकाकू पुढं आली आणि म्हाताऱ्या दिराच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली. एवढं घाबरवलंस, एवढं घाबरवलंस, एवढंच म्हणत होती. देवजीनं तिला मारू दिलं. ती दमल्यावर माणसांनी होडी ओढून चिखलावर घेतली आणि तिवराच्या बुंध्याला बांधली. कुणीतरी हसलं, सुटल्यासारखं. कुणी म्हणालं, पूल थोडा ठेंगणाच झाला.

त्या ‘थोडा’वर गोजरा पेटली. तिनं साहेबांची पुन्हा खरडपट्टी काढली, आता ऐकायला माणसं होती. म्हणाली, आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून हे होतं. खाडी आपली, पूल त्यांचा, आणि एका शब्दानं कुणी विचारलं नाही की बाबांनो, तुमच्या होड्या केवढ्या.

“इचारलं व्हतं,” प्रेमलाकाकू म्हणाली.

ती पदरानं तोंड पुसत होती. तिनं जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, कारण त्यात काही दडलंय असं तिला वाटतच नव्हतं. दिवाळीच्या आधी साहेब देवळात आले होते. गाव जमलं होतं, बायका मागं बसल्या होत्या, गोजरा तेवढी पाटी घेऊन नेरूळला गेली होती. चांगला माणूस होता, तिनं दिलेला चहा प्याला. त्यानं विचारलं की खालून होड्या जायला उंची किती ठेवू, आत्ताच सांगा, मग बदलता येणार नाही. आणि नामदेवनं उठून सांगितलं.

सगळ्यांनी नामदेवकडं पाहिलं. पाण्यातून आल्यामुळं त्याची पॅन्ट पायांना चिकटली होती.

“काय सांगलंस?” देवजीनं विचारलं. पुलाखालून आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला.

नामदेव म्हणाला की पाड्यातल्या सगळ्या होड्या मशीनच्या आहेत, तेवढी उंची पुरे, असं सांगितलं. शिडाची आता कुणाची राहिली नाही, म्हणालो.

“आनि माजी होडी?”

“बाबा, तुमाला काय सांगू.” नामदेवच्या तोंडून शब्द सुटे सुटे येत होते. “त्ये सायब लोक. आपन काय अजून शिडानी फिरतो असं त्यांना कसं सांगनार? हसले असते. आमच्या हापिसात आधीच आमाला कोली म्हून...” पुढचं त्यानं गिळलं. “तवा मना वाटलं तुमी यंदा उरनलाच रावाल. होडी थितंच इकाल. मंग खरा सांगाचा धीर झाला नाय.”

म्हणून त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याला बापासोबत त्या पुलाशी यायचं नव्हतं, आणि बिनधास्त या असा निरोप त्यानं सख्ख्या बहिणीच्या तोंडून पाठवला होता. गोजराला दिवसभर साहेबांसाठी शब्द कमी पडले नव्हते. आता तिच्या तोंडात एकच वाक्य आलं.

“लाज वाटली म्हून बापाला आडवा केलास,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडं बघायचं तिनं बंद केलं.

नामदेव रडत होता. त्याला कुणी जवळ घेतलं नाही. जे पुरुष जमले होते तेही खाली बघायला लागले, कारण त्या दिवशी देवळात ते सगळे बसले होते. देवजीची होडी कुणाला ठाऊक नव्हती? पण नामदेव शिकलेला, नामदेव ऑफिसातला, तो बोलतोय म्हटल्यावर त्यांनी माना डोलावल्या होत्या.

वारा जसा आला तसा गेला. धूळ खाली बसली, पश्चिमेला थोडा उजेड उरला. देवजी होडीतच बसून होता. कुणी म्हणालं, चला आता, खांद्याला हळद लावू, सकाळी होडी शाकारू. तो उठला. पण उतरला नाही. त्यानं आडव्या डोलकाठीच्या बुंध्याशी पाय रोवले आणि म्हणाला, “ही उबी करा.”

माणसांना वाटलं, म्हातारा भ्रमला. एकानं समजावलं की आता शाकारायचे दिवस, उभी कशाला करायची? आणि उभी केली तर होडी या पुलाखालून पुन्हा बाहेर जायची कशी? देवजी म्हणाला, ते मी बघेन. मी अजून मेलो नाही, आणि मेलेल्याची होडी माझ्या गावात रात्रभर राहणार नाही.

चार पुरुष होडीकडं आले. त्यांना त्यानं हातानं थांबवलं.

“तुमी त्या दिशी गप बसलाव,” तो म्हणाला. “आज पन बसा. ज्या रडाया आल्या त्या येतील.”

आधी कुणी हललं नाही. बाईचा हात डोलकाठीला लागत नाही, हे तिथल्या प्रत्येकीनं आयुष्यभर ऐकलं होतं. मग प्रेमलाकाकूनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि ती होडीत चढली. तिच्यामागून बाकीच्या. त्यांच्या तोंडावरचं रडणं अजून वाळलं नव्हतं. गोजरानं बुंधा भोकाशी धरला, बायकांनी खांदे लावले, आणि देवजी हाकारा देऊ लागला. पहिल्यांदा डोलकाठी घसरली. दुसऱ्यांदा अर्धी वर आली आणि कुणाचा तरी पाय फळीवरून घसरला. गोजराच्या अंगात दिवसभराचा राग होता, तो सगळा तिनं तिथं घातला. तिसऱ्यांदा बुंधा भोकात जाऊन बसला आणि सगळी होडी हलली.

पाचरी ठोकायला आता दिसत नव्हतं. नामदेवनं डोळे पुसले, चिखलातून पुढं आला आणि कठड्यावर हात ठेवला. गोजरा त्याला हाकलणारच होती. पण देवजीनं तिला थांबवलं. त्यानं फळीखालून आपली जुनी बॅटरी काढली आणि पोराच्या हातात दिली. नामदेवनं ती पाचरींवर धरली.

“थितं नको,” देवजी म्हणाला. “वर धर. किती उच हाय ती दिसू दे सगल्यांना.”

नामदेवनं हात वर केला. तो खाली घे असं त्याला त्या संध्याकाळी कुणीच म्हटलं नाही.